गुरुवारचा रस्सा

तळवड्याहून चाकणला जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका हॉटेलात दर गुरुवारी सुरणाचा जो रस्सा मिळतो, तो माझ्या मायचा आहे. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकते. सावकाश सांगू म्हणून ठेवलेली गोष्ट दुसराच कोणी आपली म्हणून सांगायला लागतो, असा माझा अनुभव आहे. त्या रश्शासाठी लोक आता पुनावळ्याहून, माणहून मोटारी घेऊन येतात, बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर नंबर लावून बसतात आणि ताट समोर आलं की आधी त्याचा फोटो काढतात. माझ्या सुनेने एकदा कौतुकाने तो फोटो मला दाखवला. मी तिच्या हातातून फोन घेतला आणि टेबलावर पालथा घातला. बिचारी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिची काही चूक नव्हती. पण चूक कोणाची आहे हे बघून राग येणारी माणसं वेगळी, मी त्यांतली नाही.

आम्ही उदगीरकडचे. अण्णा, म्हणजे माझे वडील, पत्रा ठोकून सुटे भाग काढणाऱ्या एका प्रेस शॉपमध्ये कामाला लागले आणि आम्ही तळवड्यात दहा खोल्यांच्या पत्र्याच्या चाळीत राहायला आलो. अण्णा, माय, मी आणि धाकटी लता. चाळीच्या मागेच लहानमोठे कारखाने होते. दिवसभर प्रेसचे ठोके चालायचे, धप्प धप्प, आणि फळीवरची भांडी त्या तालावर हलायची. आठवड्यातून एक दिवस ते ठोके बंद असत, तो गुरुवार. बाकीच्या जगाला रविवारची सुट्टी, आमच्या पट्ट्याला गुरुवारची. त्या दिवशी सकाळी जाग यायची ती शांततेने, आणि मग त्या शांततेत मायच्या पाट्यावर वरवंटा फिरल्याचा आवाज यायचा. इतर दिवशी तो ऐकूच यायचा नाही.

पण गुरुवार पडला दत्ताचा वार. अण्णांनी तरुणपणी एका दुखण्यात गुरुवार धरला होता. उपास नव्हता, पण वशाट अजिबात चालायचं नाही, अंडंसुद्धा नाही. म्हणजे बघा, ज्या एका दिवशी माणूस दुपारी घरात मांडी घालून सावकाश जेवू शकतो, नेमक्या त्याच दिवशी त्याने मटणाला शिवायचं नाही. इतर दिवशी पाळ्या, ओव्हरटाइम, डब्यातली गार पोळी. असे घरोघर अण्णा होते. कंपनीने सुट्टी कधी द्यायची ते देवाला विचारलं नव्हतं, आणि देवाला आता वार बदल म्हणून कोणी सांगायचं! त्यामुळे गुरुवारी संध्याकाळी आमच्या भागातल्या हॉटेलांत शेवभाजी, पनीर आणि काजूच्या भाजीला जो मान मिळायचा, तो आणखी कुठे मिळत असेल असं मला वाटत नाही.

आम्ही जायचो ते किसनशेठच्या हॉटेलात. किसनशेठ गावातला मूळचा शेतकरी. रस्त्याकडेच्या स्वतःच्या जमिनीवर त्याने पत्र्याची शेड टाकली होती, आत दहाबारा टेबलं, गल्ल्यावर तो स्वतः. चौघांत दोन भाज्या आणि पोटभर रोट्या, असा आमचा बेत ठरलेला. कांदा-लिंबू फुकट मिळायचं, ते लता आधीच संपवून टाकायची. माय मात्र तिथे जेवायला बसत नसे, परीक्षेला बसल्यासारखी बसायची. रोटीचा लहानसा तुकडा रश्शात बुडवून जिभेवर ठेवायची, डोळे मिटायची आणि चावायचीच नाही. अण्णा म्हणायचे, "गिळ की आता, का त्याला घर बांधून देतीस?" ती हाताने थांबा म्हणून खूण करायची. मग घरी चालत येताना आमचा खेळ सुरू व्हायचा. प्रत्येकाने त्या भाजीतला एक जिन्नस ओळखायचा. मी म्हणायची खोबरं, लता दरवेळी मीठ म्हणायची, अण्णा म्हणायचे, "पैशे." माय सगळ्यात शेवटी बोलायची. "टरबुजाच्या बिया वाटून घातलेत," ती सांगायची, आणि आम्ही हसायचो. टरबुजाच्या बिया कोणी खातं का? पुढे माझ्या धंद्यात मी मगज बी पोत्याने घेऊ लागले तेव्हा कळलं, की न शिकलेल्या त्या बाईने ती नुसत्या जिभेने शोधली होती.

हॉटेलातलं जे आवडेल ते माय आठवडाभरात घरी करून बघायची. सगळंच जमायचं असं नाही. पनीर करायला म्हणून तिने दूध नासवलं आणि त्याचा भुगा झाला. तो साखर घालून खाल्ला. कसुरी मेथी म्हणजे वाळलेली मेथीच असणार, असं ठरवून तिने दोन जुड्या पत्र्यावर पसरल्या, तेव्हा चाळीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. ती भाजी मात्र अशी झाली की त्याच बायका वाट्या घेऊन दारात आल्या. मंच्युरियनचा काळा रंग चिंच आणि जाळलेल्या गुळाचा आहे असं तिला पक्कं वाटलं होतं. तिने कोबीचे गोळे त्यात सोडले, वर आमच्याकडचा काळा मसाला घातला. अण्णांनी एक गोळा खाल्ला, बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, "चीनमधी उदगीरचं कोणतरी असंल." तसं हसू त्या खोलीत पुन्हा फार वेळा ऐकलं नाही.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. माय बाहेर बोलत नसे. तिच्या बोलीला चाळीत हसायचे. ती "काय करूलालीस" म्हणाली की पोरं तिच्यामागे तेच घोळवायची. म्हणून बाजारात भाव करायचं काम माझ्याकडे आलं. दहाव्या-अकराव्या वर्षापासून मी भाजीवाल्यांशी भांडत होते, आणि त्यात मला मजा यायची. माय मागे पिशवी धरून उभी राहायची आणि मी तिचं तोंड व्हायची. हे नीट ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

रस्सा झाला तो अण्णांसाठी. एका गुरुवारी दुपारी शेजारच्या खोलीत मटण शिजत होतं. त्यांना वारबिर काही नव्हता. तो वास पत्र्याखालून आमच्या खोलीत आला आणि अण्णा उठून बाहेर जाऊन बसले. पुढच्या गुरुवारी तिने सुरण आणला. खाजू नये म्हणून चिंचेच्या पाण्यात उकळला, फोडी तेलात लाल होईस्तोवर तळल्या. कांदा आणि सुकं खोबरं स्टोव्हच्या जाळावर काळं होईपर्यंत भाजलं. तीळ, खसखस, दगडफूल, काळा मसाला. आणि रश्शाला अंग यावं म्हणून तिने आदल्या दिवशीची ज्वारीची शिळी भाकर जाळावर धरली, कडा करपू दिल्या आणि वाटणात घातली. हे कोणत्याही हॉटेलात नव्हतं आणि गावीही नव्हतं. तिच्या डोक्यातून निघालं ते. अण्णांनी पहिला घास घेतला आणि दचकून मायकडे बघितलं. "आज वार कोणता?" त्यांनी विचारलं. माय म्हणाली, "खावा गप. देवाला चालतंय."

अण्णांना गप्प बसवेना. गल्ल्याशी उभे राहून ते किसनशेठला म्हणाले, "शेठ, तुमच्याकडं सगळं झकास, पण आमच्या घरच्या रश्शाला तोड न्हाई." किसनशेठ म्हणाला, "मंग आणा की एक दिस डबा. आमी बी बघू." पुढच्या गुरुवारी डबा गेला. किसनशेठने गल्ल्यावरच उघडला, बोट बुडवलं, मग रोटी मागवली आणि डबा पुसून रिकामा केला. नंतर मायला म्हणाला, "ताई, जरा आत या. आमच्या आचाऱ्याला दावा हे."

माय भटारखान्यात गेली. सगळे मिळून तीन गुरुवार गेली. आत तिची भाषा कोणालाच हसण्यासारखी वाटली नाही, कारण तिथला आचारी परमुलखातला होता आणि त्याची स्वतःचीच भाषा कोणाला कळत नव्हती. तो तिला वस्ताद म्हणायला लागला. आम्ही बाहेर टेबलावर बसलेलो असताना आतून तिचा आवाज यायचा, मोठ्याने, हुकूम सोडणारा. "आणखी जळू दे! भीवू नको!" मी तो आवाज त्याआधी ऐकला नव्हता. बाहेर आली की तिचा चेहरा धगीने लाल झालेला असायचा आणि पदर खोचलेलाच राहायचा. त्या तीन आठवड्यांत माय चालायचीही वेगळी, हे मला आज आठवतं. तेव्हा दिसलं नव्हतं.

चौथ्या गुरुवारी हॉटेलच्या दारात नवी पाटी होती. लाल रंगात, ठसठशीत. "गुरुवार स्पेशल. आईच्या हातचा रस्सा." आणि गल्ल्याच्या वर किसनशेठच्या आईचा फोटो, नथ घातलेली, डोक्यावर पदर, चंदनाचा हार. ती बाई वारून सात-आठ वर्षं झाली होती. मायला वाचता येत नव्हतं. लताने तिला पाटी वाचून दाखवली. मायने फोटोकडे बघितलं आणि म्हणाली, "चला, बसा." घरी येताना खेळ झाला नाही.

मी पेटले होते. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर दप्तरासकट हॉटेलात गेले. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. किसनशेठ गल्ल्यावर पेंगत होता.

"ती पाटी कोणाच्या आईची?" मी विचारलं.

"माज्या. फोटो दिसंना का?"

"तुमच्या आईने जन्मात कधी सुरण शिजवला होता?"

"आगं पोरी, गिऱ्हाईक रस्सा खातंय. हकिकत न्हाई खात."

"माझ्या आईने तीन वेळा येऊन शिकवलंय. तुमच्या आचाऱ्याला विचारा."

"शिकीवलं, व्हय. मी कुठं न्हाई म्हणतोय? भली बाई हाय. पर तिनं काय मागितलं का?"

"ती नाही मागत. मी मागते."

तो सावरून बसला. माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाला, "माग की मंग."

हे तीन शब्द मी आयुष्यभर घोळवले आहेत. समोरच्याने असं दार सताड उघडून दिलं की आत काय काय आहे ते आधी बघून घ्यावं, घाईने हाताला लागेल ते उचलू नये, हे मी आज माझ्या हाताखालच्या पोरींना शिकवते. तेव्हा मी पंधरा वर्षांची होते आणि मला फक्त भाव करता येत होता. मी म्हणाले, "चार ताटं. दर गुरुवारी. पूर्ण ताट, रस्सा लागेल तेवढा."

"दोन."

"चार. आणि आम्ही नंबरात थांबणार नाही."

"तीन. न् बसायचं मागल्या बाजूला."

"चार, आणि पंख्याखाली."

तो हसला, गल्ल्यावर हात आपटला. "तोंड हाय का कातर! घे चार. न् पंखा बी घे."

मी घरापर्यंत पळत आले. माझ्या आयुष्यातला पहिला मोठा सौदा होता तो. माय भाकरी थापत होती. मी धापा टाकत सगळं सांगितलं, पंख्यासकट. अण्णा खाटेवर उठून बसले आणि म्हणाले, "वा रे वाघिणी!" मायने तव्यावरची भाकर उलटली, फुगू दिली, काढली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला इचारलीस का?"

मी म्हणाले, "अगं माय, तुझ्यासाठीच केलं ना!"

ती पुढचा गोळा थापायला लागली.

पुढच्या गुरुवारी आम्ही चौघं पंख्याखाली बसलो. ताटं आली. रस्सा चांगला झाला होता, ते कबूल करावंच लागेल. भाकर बरोबर जाळली होती. शेजारच्या टेबलावर दोघं कामगार जेवत होते. एक जण बोटं चाटत म्हणाला, "चव होती राव म्हातारीच्या हाताला!" आणि त्याने फोटोकडे बघून चक्क हात जोडले. माय त्याच्यापासून दोन हातांवर बसली होती. मी उठणार, तोच तिने टेबलाखालून माझं मनगट धरलं. इतकं घट्ट, की बांगडी रुतली. दुसऱ्या हाताने ती जेवत राहिली. ताट संपवलं, पाणी प्यायली. त्यानंतरच्या गुरुवारी म्हणाली, "तुमी जाऊन या. माझं डोकं दुखूलालंय."

ती पुन्हा त्या हॉटेलात गेली नाही. आम्ही जात राहिलो. अण्णा जात राहिले, लता जात राहिली, मीही गेले. मायच्या ताटाचं पार्सल बांधून आणायचो, ते ती शेजारी देऊन टाकायची. "ठरलेलं आहे तर सोडायचं कशाला," अण्णा म्हणायचे. मी त्यांच्यावर वर्षानुवर्षं चिडले. बायकोच्या डोक्यातून निघालेली चीज दुसऱ्याच्या आईच्या फोटोखाली बसून खाताना घास कसा उतरतो, असं मी त्यांना मोठी झाल्यावर एकदा तोंडावर विचारलं. ते म्हणाले, "तुलाबी उतरत होता की." त्यानंतर मी त्यांना ते कधी विचारलं नाही.

घरात नवं काही शिजणं थांबलं. वरण, भात, पालेभाजी, बेसन. आम्ही हॉटेलातून येऊन सांगायचो, "माय, आज एका भाजीत काहीतरी आंबट होतं, चिंच नाही, लिंबू नाही, काय असेल?" ती म्हणायची, "असंल काहीतरी." तिने भांडण केलं असतं, रडली असती, मला दोन ठेवून दिल्या असत्या, तर मी ते कधीच विसरून गेले असते. तिने नुसती चव घ्यायची बंद केली.

मी पुढे काय झाले ते माझ्या आठवणींच्या या पुस्तकात इतरत्र आलंच आहे. एका कंपनीत चहा-नाश्ता पोचवण्यापासून सुरुवात केली आणि आज चाकणमधल्या सहा कंपन्यांची कँटीनं माझ्याकडे आहेत. माझ्याशी दर ठरवायला बसलेले मॅनेजर दोन वेळा पाणी मागवतात. माझ्या एकाही कँटीनच्या मेनूत सुरणाचा रस्सा नाही. आचाऱ्यांनी सुचवला तर मी त्यांच्यावर ओरडते, आणि का ओरडले ते त्यांना कळत नाही.

गेल्या वर्षी एका नव्या कारखान्याच्या कँटीनसाठी आम्ही तिघं ठेकेदार एकाच खोलीत बसलो होतो. त्यांतला एक किसनशेठचा मुलगा निघाला. गोरागोमटा, इस्त्रीचा शर्ट, लॅपटॉप. त्याने पडद्यावर पहिलंच चित्र लावलं ते आजीच्या फोटोचं, आणि म्हणाला, "आमची ओळख म्हणजे आमच्या आजीचा गुरुवारचा रस्सा." मी उभी राहिले. साहेब लोकांसमोर, ओरडून म्हणाले, "तुझ्या आजीला सुरण सोलता तरी येत होता का रे?" एचआरची मुलगी माझ्यासाठी पाणी आणायला धावली. ते काम माझ्या हातून गेलं, आणि गेलं ते बरोबरच गेलं. मी तिथून गाडी काढली ती थेट हॉटेलवर.

किसनशेठ ऐंशीच्या पुढचा असेल. शेड जाऊन आता दोन मजली इमारत झाली आहे. तो दाराशी खुर्ची टाकून उन्हाला बसला होता. मला ओळखायला त्याला वेळ लागला नाही.

"कातर आली का," तो म्हणाला. "बस. जेवणार?"

"जेवायला नाही आले. चाळीस वर्षं होत आली, तुम्ही आमच्या जिवावर खाताय. लाज नाही वाटली कधी?"

मी बरंच बोलले. गिऱ्हाइकं वळून बघत होती. माझा श्वास संपला तेव्हा तो काठीवर हनुवटी टेकवून म्हणाला, "एक सांगू का? त्या दिशी मी भ्यालो व्हतो तुला. म्हनलं, ही पोरगी आता पाटीवर तिच्या आईचं नाव लिव्हा म्हणती. म्हणाली असतीस तर दुसऱ्या दिशी लिव्हून मोकळा झालो असतो. डबाभर रंग, त्यात काय! तू ताटं मागितलीस. ताटं लय म्हागात गेली मला, बाई."

मी बाजूची प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि बसले.

तो दयेने बोलला असता तर मी त्याची काठी हिसकावून घेतली असती. पण तो हिशेबी माणूस होता, माझ्यासारखाच, आणि खरं बोलत होता. त्याच्या दृष्टीने नाव फुकट होतं. जे फुकट होतं तेच आमचं सगळ्यात मोलाचं होतं, आणि मी, घासाघीस करणारी, ते मागायचंच विसरले. विसरले असंही नाही. ते मागण्याची वस्तू आहे हेच मला माहीत नव्हतं, आणि ज्या बाईला माहीत होतं तिला मी विचारलं नाही.

"आता लिव्हू का?" तो म्हणाला. "पोराला सांगतो. आजकाल लोकान्ला असल्या गोष्टी आवडत्यात." मग त्याने कपाळाला आठ्या घातल्या, आठवून बघितलं आणि विचारलं, "नाव काय गं तुज्या आईचं?"

एवढ्या वर्षांत त्याला ते ठाऊक नव्हतं. आणि ठाऊक असणार कुठून? त्या दुपारी दप्तर घेऊन मी एवढी भांडले, तरी माझी आई, माझी आई, याखेरीज तिचं नाव मीही एकदा घेतलं नव्हतं. आता ते माझ्या जिभेवर आलं होतं. पण तिथे, त्याच्या दारात, तिला न विचारता ते देऊन टाकलं असतं, तर मी दुसऱ्यांदा तोच सौदा केला असता.

"तिला विचारून सांगते," मी म्हणाले आणि निघाले.

माय पंच्याहत्तरी ओलांडून माझ्याच घरी आहे. कान तल्लख आहेत, चालते, चिडत नाही. त्या गोष्टीला आता आठ महिने झाले. रोज संध्याकाळी मी तिच्या खोलीत जाते, तिच्या गोळ्या काढून देते, दाराशी उभी राहते, आणि दुसरंच काहीतरी बोलून बाहेर येते.